सांत इग्नाझिओचा ‘घुमट’

संपादक महोदय,

रोमवरील लेखात सांत इग्नाझिओ चर्चच्या भव्य घुमटाचे कौतुक वाचले. तिथे घुमट नाहीच! चित्रकार आंद्रेआ पोझ्झोने १६८५ मध्ये सुमारे १७ मीटर व्यासाच्या सपाट कॅनव्हासवर तो रंगवला. मुख्य दालनाचे छत मात्र कमानदार. त्यावर सरळ खांब रंगवणे त्याहून अवघड. पोझ्झोची रीत अशी : छताखाली दोऱ्यांची जाळी ताणायची, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागेवरून तिच्या रेषा वक्र छतावर उतरवायच्या आणि चौकोनागणिक चित्र मोठे करत न्यायचे. प्रत्येक चित्राचा सगळा हिशेब बघणाऱ्याच्या एकाच जागेचा, त्यामुळे ती सोडली की खांब कलंडतात, घुमट वाकडा दिसतो. फरशीतल्या संगमरवरी चकत्या या जागा दाखवण्यासाठीच आहेत. छत पाहण्यासाठी तिथे ठेवलेल्या आरशापुढच्या रांगेत ताटकळण्याआधी पर्यटकांनी त्या शोधाव्यात.

— एक वाचक