त्रेपन्न वर्षांचं भांडण

प्रिय गड्या,

चार वर्षं ना पत्र, ना फोन. आता एकदम एवढी पानं बघून तू आधी शेवटचं पान उलटशील आणि कोण गेलं ते शोधशील. कोणी गेलेलं नाही. माझी तब्येत ठीक, साखर काठावर, उजवा गुडघा तोच जुना. घरचे मजेत. झालं.

परवा जे घडलं ते इथे कुणालाही सांगितलं तर म्हणतील, "मग? बऱ्या झाल्या ना त्या?" तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहितोय.

मी सकाळी ताई ची, ती संथ चिनी कसरत, शिकवतो, त्या वर्गाला एक मावशी येतात. वय बहात्तर, सगळ्यांच्या आधी हजर, हातात वही. मी काय बोलतो ते लिहून घेतात. (कुणी आपलं बोलणं लिहून घेतंय म्हटल्यावर जपून बोलावं, एवढी अक्कल मला या वयात यायला हवी होती.) गेल्या मंगळवारी 'ढगांसारखे हात' ही हालचाल चालू असताना त्या मध्येच थांबल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, डोकं फुटतंय. दवाखान्यात नेलं तर वरचं प्रेशर दोनशेच्या पुढे. डॉक्टरांनी विचारलं, गोळी शेवटची कधी घेतली? मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून पट्टी काढली. चार गोळ्या काढलेल्या, बाकीचे सगळे फुगे जसेच्या तसे. दीड महिना.

"तुम्हीच सांगितलंत ना, श्वास नाभीखाली उतरला की गोळ्यांची डबी फडताळात चढते."

ऐकलंस? आपल्याला ताई ची शिकवणाऱ्या सरांचं वाक्य, जसंच्या तसं. मी ते म्हणालोच नाही असं शपथेवर सांगता येत नाही. म्हणतो मी. उभं राहण्याचा सराव कंटाळवाणा होतो, पाय थरथरायला लागतात, तेव्हा म्हणतो. सगळे हसतात आणि आणखी दोन मिनिटं उभे राहतात. त्या हसणाऱ्यांतलं एक माणूस ते वहीत उतरवून घेत होतं.

दवाखान्यातून आलो आणि पहिली आठवण तुझी आली. तोच दिवस. भिंतीवर ली छिंगयुनचा फोटो, सर सांगतायत की हा माणूस दोनशे छप्पन्न वर्षं जगला, आणि तू मागच्या रांगेतून हात वर केलास. "सर, याची दोन जन्मसालं सांगतात, १६७७ आणि १७३६. एकोणसाठ वर्षांची तर नुसती चूकच आहे." लंबू खिदळला. मग तू ते दुसरं बोललास. ज्यांनी ताई ची गावोगाव पोचवली ते यांग चंगफू १८८३ साली जन्मले आणि १९३६ साली गेले. त्रेपन्न. म्हणालास, "फोटोतलं त्यांचं पोट बघा सर, आणि मग आयुष्याचं बोला." जिन्यात मी तुला गाठलं आणि नको ते बोललो. तू परत वर्गाला आला नाहीस. वर पळायला लागलास, मुद्दाम, आमच्या हॉलच्या समोरून.

आता कबूल करतो. त्रेपन्नचा आकडा मलाही माहीत होता. तू तो सगळ्यांसमोर काढलास याचा राग होता.

नंतर मी बरीच वर्षं उलटा हिशेब जमवत बसलो. सन लुतांग, ज्यांनी ताई ची, शिंगयी आणि बाग्वा या तिन्ही चिनी युद्धकला आत्मसात करून त्यांना एका कुटुंबात बसवलं, ते १९३३ साली सत्तरी ओलांडून गेले. चंग मानछिंग तरुणपणी क्षयाने खंगलेले, ताई चीने वाचलो असं स्वतःच सांगायचे, आणि १९७५ पर्यंत जगले. ताई चीच्या वू घराण्याचे मा युएलियांग १९०१ ते १९९८! हा माझा हुकमाचा पत्ता होता, तुझ्यासाठी जपून ठेवलेला. मग एके दिवशी लक्षात आलं की ते स्वतः रक्तविकारांचे डॉक्टर होते. असला पत्ता घेऊन तुझ्याशी कोण खेळणार? आणि खरं म्हणजे गुरूंची वयं मोजून काही कळतच नाही. जे लांब जगले त्यांचे फोटो भिंतीवर लागले. ज्यांना मुळात झेपलंच नाही ते कुणाच्या यादीतच नाहीत.

पुढचं वाचून तू जे हसशील ते मला इथपर्यंत ऐकू येईल. शांघायमध्ये ४० ते ७४ वयाच्या ६१,४७७ पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं, २०१३ साली निष्कर्ष छापून आले. व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना केली तर ताई ची करणाऱ्यांत मरण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी. मी आनंदाने पुढची ओळ वाचली. नुसतं चालणाऱ्यांत २३ टक्क्यांनी कमी. धावणाऱ्यांत २७. घे. हसून झालं की एवढंही ऐक: हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की शर्यत लावण्यात अर्थ नाही, आणि जो माणूस सकाळी उठून व्यायामाला जातो तो आधीच जरा धडधाकट असतो. त्यामुळे तुझ्या बुटांनाही एवढं फुगायचं कारण नाही.

प्रेशरचंही शोधलं, रात्री दोनपर्यंत. २०२४ सालची एक चाचणी आहे, ३४२ माणसं, वर्षभर, आठवड्याला चार दिवस तासतासभर. ताई चीवाल्यांचं वरचं प्रेशर साधारण सातने उतरलं, धावणं-सायकल अशा व्यायामवाल्यांचं पाचाच्या आतच. आपण जिंकलो! पण ती माणसं कोण? ज्यांचं प्रेशर नुसतं उंबरठ्यावर होतं, अजून आजारात गेलेलं नव्हतं, ती. मावशींची गोष्टच वेगळी. दोनशेतून सात वजा करून बघ.

एका बाबतीत मात्र तू चुकला होतास आणि ते मी सोडणार नाही. तू म्हणाला होतास, "हे हळूहळू हात हलवून काय होणार, पंखा तरी जोरात फिरतो."

मावशींना घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याचा लांब पॅसेज नुकताच पुसलेला, ओला. मी त्यांच्या डावीकडे, पिशवी माझ्या हातात. त्यांनी उजवं पाऊल टाकलं आणि टाच सर्रकन पुढे गेली. माझा हात पोचलाच नसता. पण त्या पडल्या नाहीत. अंगाचा भार अजून मागच्या पायावर होता. त्यांनी घसरलेलं पाऊल नुसतं मागे घेतलं, पाण्यात अंगठा बुडवून काढावा तसं, आणि बाजूला टेकवलं. आणि मला म्हणतात, "रिकामा होता पाय."

रिकामा पाय, भरलेला पाय. आपल्याला याचा किती वैताग यायचा, आठव. टाच टेकव, भार देऊ नकोस, उचलून दाखव, परत टेकव. अख्खा महिना सरांनी आपल्याला दुसरं काही करू दिलं नव्हतं. २००५ साली असंच काहीसं तपासलं होतं. सत्तर ते ब्याण्णव वयाची, फारशी हालचाल नसलेली माणसं, सहा महिने, आठवड्यातून तीनदा. ताई चीच्या गटात ३८ वेळा पडणं झालं, नुसत्या स्नायू ताणण्याच्या व्यायामाच्या गटात ७३ वेळा. आणि एकूण माणसं किती होती सांगू? २५६. ली छिंगयुनचं वय! पुढे पार्किन्सनच्या रुग्णांमध्येही तोल सुधारल्याचं दिसलं. म्हातारपणी एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस किती भरभर उतरत जातो ते आपण दोघांनीही घरात पाहिलंय. त्यावर आणखी लिहीत नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी ही सगळी पानं. शनिवारी सरांकडे गेलो. एक्याऐंशी पूर्ण. पाठ अजून ताठ, कान गेलेत. मावशींचं सगळं सांगायचं, वाक्याचा जाब विचारायचा, असं ठरवून गेलो होतो. टेबलावर एक लांबट निळी डबी होती, सात झाकणांची, प्रत्येकावर वार लिहिलेला. शनिवारचं झाकण उघडं. मी बघत बसलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं.

"वीस वर्षं झाली," म्हणाले. "प्रेशरची. रात्री एक, सकाळी अर्धी."

वीस वर्षं! म्हणजे आपण त्या हॉलमध्ये थरथरत उभे होतो तेव्हाही. मी विचारलं, मग ते फडताळाचं? "अरे, ते तुम्ही उभं राहावं म्हणून म्हणायचो." आणि हसले. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि आला नाही याचाच त्रास होतोय. कारण मीही तेच केलं, फक्त माझ्याकडे डबी नव्हती. निघताना त्यांनी विचारलं, "तो त्रेपन्नवाला कसा आहे?" तुझं नावसुद्धा घेत नाहीत, पण आकडा लक्षात आहे.

रविवारी वर्गात सांगितलं: गोळी डॉक्टर बंद करतील तेव्हाच बंद, आणि ही कला तुम्हाला उभं ठेवते, वर्षं वाढवून द्यायचं वचन मी देत नाही. दोघे जण तेव्हापासून आले नाहीत. मावशी आल्या, पहिल्या. वहीतलं ते वाक्य त्यांनी खोडलेलं नाही, बाजूला 'सरांची गंमत' असं लिहिलंय. त्यांचे 'सर' म्हणजे मी.

तुझं कसं चाललंय? नवीन नोकरीचं लंबूकडून कळलं. वहिनींना नमस्कार. धाकटीचे निकाल लागले असतील. कळव.

तुझा,
(ओळखशील)

ता. क. जिन्यात मी तुला दोन शब्द म्हणालो होतो. पहिला मागे घेतो. दुसरा त्याच सकाळी पुश हँड्समध्ये, त्या जोडीने ढकलण्याच्या सरावात, तू माझा अंगठा मुरगळला होतास त्याबद्दलचा होता, तो राहू दे.