दुपारच्या भांगड्याला ‘बंड’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील आशियाई तरुणांच्या १९८०च्या दशकातील दुपारच्या भांगड्यावर, म्हणजे ज्या कार्यक्रमांना आम्ही ‘डेटाइमर’ म्हणत असू त्यांच्यावर, आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी अत्यंत आवडीने वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्राला सुचला याचाच मला आनंद झाला. मात्र ‘परंपरेच्या जोखडाविरुद्ध तरुणाईचे बंड’ असे जे त्याचे वर्णन लेखकाने केले आहे, ते मला मान्य नाही. मी स्वतः त्या दुपारी तिथे नाचले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

१९७९ साली, नऊ वर्षांची असताना, मी आईवडिलांबरोबर पुण्याहून लंडनमधल्या वेम्बलीला गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये साउथॉल या पंजाबी वस्तीच्या पश्चिम लंडनमधील भागात नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी अतिउजव्या पक्षाच्या सभेविरुद्ध झालेल्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला होता, आणि त्याच्या तीन वर्षे आधी गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा त्याच साउथॉलमध्ये भोसकून खून झाला होता. आमच्या पिढीच्या पालकांची भीती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. मुलगी संध्याकाळी घराबाहेर राहू नये असे त्यांना वाटे, ते केवळ ‘लोक काय म्हणतील’ यापोटी नव्हते. रस्त्यावर काय होऊ शकते हे त्यांनी पाहिले होते.

कार्यक्रम दुपारी होत, याची कारणे लेखात एकाच वाक्यात गुंडाळली आहेत. रात्री बाहेर जायला घरून परवानगी नसे, हे खरेच. पण रात्रीच्या क्लबांच्या दारावरचे पहारेकरी आशियाई मुलांच्या घोळक्याला बरेचदा आतच सोडत नसत, हेही तितकेच खरे. शिवाय आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी ती सभागृहे रिकामीच पडलेली असत, त्यामुळे मालकांना दुपारचे गिऱ्हाईक नको होते अशातला भाग नव्हता. म्हणून लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले किंवा लेस्टर स्क्वेअरच्या एम्पायरसारख्या नामांकित नृत्यगृहांत, बाहेर लख्ख ऊन असताना, आत अंधार करून आणि रंगीत दिवे फिरवून ढोल वाजे. पाच-सहाच्या सुमारास सगळे आटोपे आणि मुले शाळाकॉलेजातून आल्यासारखी घरी पोहोचत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. माझ्या पंजाबी मैत्रिणी घरून सलवार-कमीज घालून निघत आणि स्टेशनच्या स्वच्छतागृहात जीन्स चढवत; मी मात्र कॉलेजच्या साध्या कपड्यांत निघून तिथे मैत्रिणीचा चमकीचा कमीज अंगात घालत असे, कारण आमच्या घरी तसला कपडा नव्हता. दप्तरे एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेली असत आणि त्यांच्यावर कोणी ना कोणी पाळीपाळीने लक्ष ठेवी. आत जमलेल्या सगळ्यांना पंजाबी कळत होते असे मुळीच नाही. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती मुली होत्या, बंगाली होत्या, माझ्यासारखी एखाददुसरी मराठी मुलगी होती. शब्द कळले नाहीत तरी ढोल कळत होता. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळलेल्या पायांना तो ठेका परका वाटणे शक्यच नव्हते.

आता माझ्या मुख्य हरकतीकडे येते. ज्या वाद्यवृंदांसाठी आम्ही दांड्या मारल्या, ते वाद्यवृंद आमच्या आईवडिलांच्या पिढीचेच होते. बर्मिंगहॅमचा भुजंगी ग्रुप १९६७ सालचा. साउथॉलचा आलाप हा चन्नी सिंग यांचा वाद्यवृंद १९७७ सालचा. दिवसा कारखान्यात राबणाऱ्या माणसांनी शनिवार-रविवारच्या लग्नांसाठी हे संगीत उभे केले. पुढे दीपक खजांची, कुलजीत भामरा अशा संगीतकारांनी तुंबी हे पंजाबी एकतारी वाद्य आणि ढोल यांना सिंथेसायझरची व विजेवरच्या ड्रमची जोड दिली. यातल्या भामरा यांचा जन्म नैरोबीचा, म्हणजे हा आवाज पंजाबातून निघून आफ्रिकेमार्गे लंडनला पोचला होता. त्यांच्या आई मोहिंदर कौर भामरा गुरुद्वारात आणि लग्नांत गात असत. स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला अशी लग्नसमारंभांतली विभागणी मोडून बायकांना नाचायला आणण्याचे श्रेय आज त्यांना दिले जाते. बंडच शोधायचे असेल तर ते या बाईंच्या गाण्यात आधी शोधावे. आम्ही मुली त्यानंतर आलो.

माझी चोरी एकदा घरी उघडकीस आली. आईने जे विचारले ते मला अजून आठवते: ‘परवा शनिवारी लग्नात हेच तर नाचलीस, मग कॉलेज बुडवून तेच नाचायला कशाला गेलीस?’ तिला नाचाचे वावडे नव्हते आणि गाण्याचेही नव्हते. तिला फरक कळत नव्हता, आणि मला तो तेव्हा सांगता आला नाही. लग्नात आम्ही नाचत असताना भिंतीला लागून बसलेल्या पंधरा-वीस मावश्या आणि काकू आमच्याकडे पाहत असत. हॅमरस्मिथला त्या नव्हत्या. गाणे तेच, ठेका तोच, अनेकदा गाणारा माणूसही तोच. नव्हती ती फक्त पाहणाऱ्यांची रांग. याला परंपरेविरुद्धचे बंड म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

लेखातले सूर मात्र सगळेच गोड आहेत, आणि स्मरणरंजनाचा हा दोष मला माझ्यातही दिसतो. पकडल्या गेलेल्या प्रत्येक मुलीची आई माझ्या आईसारखी नव्हती. आमच्यातल्या एकीचे शिक्षण त्या एका दुपारपायी थांबले. तिच्या भावाला, जो त्याच सभागृहात चार हात अंतरावर नाचत होता, कोणी काही विचारले नाही. गाण्यांचे शब्द पुढे समजू लागले तेव्हा त्यांतली दारूची आणि जट्टपणाची, म्हणजे पंजाबातल्या जट्ट या शेतकरी जातीच्या अभिमानाची, फुशारकी खटकली. जे त्या जातीचे नव्हते त्यांना ती आधीपासून खटकत असणार. रंगमंचावर बाई क्वचितच दिसे. तरीही त्या चार तासांत मला जी मोकळीक मिळाली ती मी खोटी म्हणणार नाही.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे. भांगड्याच्या कॅसेट भरपूर खपत असूनही ब्रिटनच्या साप्ताहिक लोकप्रियतेच्या यादीत त्या क्वचितच दिसल्या, कारण ही यादी ठरावीक दुकानांतल्या विक्रीवरून बनत असे, आणि आमच्या कॅसेट विकल्या जात साउथॉल ब्रॉडवेवर किंवा बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवर, साड्यांच्या, मिठाईच्या आणि वाण्याच्या दुकानांत. डाळतांदळाबरोबर विकलेल्या गाण्याची मोजदाद कोणी केली नाही. १९९०च्या दशकात चित्र पालटले. जिवंत वाद्यवृंदांची जागा डीजेंनी घेतली. १९९५च्या सुमारास तबलावादक आणि संगीतकार तल्विन सिंग यांनी लंडनमधल्या हॉक्सटनच्या ब्लू नोट क्लबात ‘अनोखा’ या नावाने सुरू केलेल्या रात्रींना गोरे श्रोतेही येऊ लागले, आणि १९९९ साली सिंग यांना वर्षातल्या उत्कृष्ट अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. तेव्हा वर्तमानपत्रांनी ब्रिटिश आशियाई संगीताचा जणू नुकताच शोध लागल्यासारखे लिहिले. आम्हाला हसू आले. दहा वर्षे आधी आम्ही कुठे होतो, असे विचारावेसे वाटले.

हॅमरस्मिथ पॅले २००७ मध्ये बंद झाले आणि २०१२ मध्ये पाडले गेले. २०२० साली लंडनच्या काही तरुण आशियाई डीजेंनी आपल्या समूहाला ‘डेटाइमर्स’ हेच नाव घेतले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. माझी भाची त्यांचे कार्यक्रम ऐकते. तिला दांडी मारावी लागत नाही, आणि माझ्या दप्तराची गोष्ट तिला थोडी चमत्कारिकच वाटते.

आपणाला एक विनंती आहे. त्या काळात इंग्लंडात वाढलेली मराठी माणसे आता पन्नाशी-साठीत आहेत. काही परत आली आहेत, काही आपले वृत्तपत्र तिथे बसून वाचतात. त्यांच्याकडे तिकिटांचे तुकडे, भिंतीवरून काढून ठेवलेली भित्तिपत्रके आणि घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट असतील. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचा इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगायलाही हवा. पण मंडळाच्या गणेशोत्सवात आरती म्हणणारी मुले बुधवारी दुपारी कुठे होती, तेही त्या इतिहासात यावे. अशा वाचकांना लिहिते करण्यासाठी आपण पुरवणीत थोडी जागा द्यावी. माझ्याजवळ दोन कॅसेट आहेत. एकीची फीत गुंतली आहे, दुसरी अजून वाजते.

आपली नियमित वाचक,
हॅरो, लंडन

ता. क. लेखासोबत छापलेल्या चित्रातल्या मुलींच्या हातात टिपऱ्या आहेत. ते चित्र दांडियाचे आहे. भांगड्यात टिपऱ्या नसतात.