असला तर काय बिघडलं?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

‘तू एक “नाही” म्हणाली असतीस तर विषय तिथेच मिटला असता’ एवढं लिहिलंस आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. मोबाइलवर एवढं लांबलचक टाइप करणं मला जमत नाही, आणि केलं तरी तू वरवर वाचून अंगठा दाखवून मोकळा होशील.

गौरींच्या हळदीकुंकवाला आत्याने काय विचारलं ते तू आतल्या खोलीतून ऐकलंसच. मुलगा भरतनाट्यम करतो, डोळ्यांत काजळ घालतो, एवढा मोठा झाला पण कधी मैत्रीण घरी आणली नाही. ‘तसा’ तर नाही ना? असेल तर वेळेवर डॉक्टरला दाखवा. त्यावर मी म्हटलं, “वन्सं, असला तर काय बिघडलं? करंजी घ्या.” वन्संनी करंजी घेतली नाही, आणि दिवेलागणीपर्यंत बातमी बडोद्याच्या सगळ्या दांडिया बाजार भागात पोचली.

आईने आपली बाजू घेतली नाही, असं तुला वाटतंय. पण ‘छे हो, काहीतरीच काय!’ म्हटलं असतं तर समलिंगी असणं हा एक आळ आहे आणि माझ्या मुलावर तो खोटा घेतला जातोय, असा त्याचा अर्थ झाला असता. दिवाणखाना बायकांनी भरला होता. त्यातल्या एखादीचा मुलगा किंवा मुलगी तशी असेल, तर तिने खाली मान घालून वाटली डाळ संपवायची का? आणि खरं सांगायचं तर तुझ्या मनात कोण आहे हे मला माहीत नाही. जे माहीत नाही त्याची ग्वाही चारचौघींत कशी देऊ?

राहता राहिला नाच. यावर मात्र मी वन्संशी पुन्हा भांडणार आहे, कारण बडोद्यात जन्म काढून त्यांनी हे बोलावं याची मला चीड येते. 1880 मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या इथे येऊन चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आल्या, तसे झांज वाजवून त्यांना नाचवणारे नट्टुवनारही आले. ते पुरुष. त्या नर्तकींपैकी कांतिमती यांचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे सूरसागरजवळच्या आपल्या म्युझिक कॉलेजात शिकवत होते. तू सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमाने नाचतोस, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार सख्ख्या भावांनी, तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात. म्हणजे राजा मराठी, नाच बसवणारे पुरुष, आणि तो तुझ्या पायांत आला की बायकी! हे खरं की दरबारात नाचायच्या त्या बायकाच. पण कोणी नाचायचं आणि कोणी नाचवायचं हा तेव्हाचा रिवाज झाला, तो काही देवाने मांड्या घडवताना ठरवला नव्हता. मांड्यांवरून आठवलं, आरमंडीत गुडघे बाहेर काढून बसताना तुझ्या मांड्या कशा थरथरायच्या, आणि टाचा लाल झाल्या की रात्री मिठाच्या गरम पाण्याची बादली लागायची. त्या बादलीपाशी वन्संना एकदा बसवायला हवं होतं.

त्यांच्याच घरात बैठकीत बालगंधर्वांचा फोटो आहे, शालू नेसलेला, नाकात नथ. बडोद्याच्या राजाश्रयावर त्यांची कंपनी चालली, सरकारने 1964 मध्ये पद्मभूषण दिलं, घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला बघायच्या. त्या फोटोला वन्संच्या घरी दसऱ्याला हार असतो. नथ घातली म्हणून त्या पुरुषाच्या मनात कोण असेल, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. नवरात्रात याच गावातले पुरुष आरसे लावलेला, घेरदार केडियू घालून, कपाळाला टिकली लावून मध्यरात्रीपर्यंत गोल गोल फिरतात. ते मर्द. तू भरतनाट्यमचं वर्णम् केलंस की डॉक्टर!

उलट बाजूचंही सांगते. माझ्या कॉलेजात एक मुलगा होता, भरघोस मिशा, पोलो ग्राउंडवर फास्ट बोलिंग टाकायचा, मुली त्याच्यासाठी मुद्दाम लायब्ररीत बसायच्या (मीही, पण बाबांना सांगू नकोस). त्याच्याबद्दल कोणाला कधी शंका आली नाही. चाळिशी उलटल्यावर सेवउसळीच्या लारीवर उभ्याउभ्या, तर्री वाढून घेता घेता त्याने मला सांगितलं की त्याला आयुष्यभर पुरुषच आवडले. लग्न का केलं नाहीस, असं मी विचारलं होतं म्हणून. एवढी वर्षं गप्प का, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या तरुणपणी 377 कलमाखाली तो गुन्हा होता. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. लग्नाचा हक्क तर 2023 च्या निकालातही मिळाला नाही. त्याच्या मिशांवरून काही कळलं नाही, तुझ्या काजळावरून काय कळणार?

आणि डॉक्टर कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलंय. हे मी वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “आयोगाला काय कळतंय, त्यांना का मुलं लग्नाची आहेत?” या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुला कॉलेजात आता चिडवतात, हेही तुझ्या मेसेजमधून माझ्या लक्षात आलं. त्याचा त्रास होत असेल तर नाव सांग, मी येते. पण त्यांच्यापुढे ‘मी तसला नाही’ म्हणून शपथा घेत बसू नकोस आणि सिद्ध करायला एखाद्या मुलीला फिरवू तर अजिबात नकोस. त्या बिचारीने काय केलंय? घुंगरं इथे पेटीतच आहेत, हवी असतील तर कळव, कुरियर करते.

तुझ्या मनात कोण आहे, मुलगी आहे की मुलगा, की सध्या परीक्षेशिवाय कोणीच नाही, हे मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर फोन कर. फक्त रात्री नऊनंतर नको. तेव्हा बाबा जेवायला बसलेले असतात आणि फोन हमखास स्पीकरवर टाकतात.

तुझी,
आई