गुडघ्याचे स्टिकर रुग्णाच्याही हाती द्या

आईचा गुडघा बदलला, तेव्हा बिलावर 'इम्प्लांट' (बसवलेला कृत्रिम सांधा) एवढीच ओळ होती. इम्प्लांटच्या खोक्यातली, कंपनी, साइज, लॉट नंबर (कोणत्या खेपेतला ते) असलेली स्टिकरं रुग्णालयाच्या फायलीत. दोन हेलपाटे घातल्यावर झेरॉक्स मिळाली. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधली (जीएसटी वेगळा). पण नेमका कोणता गुडघा बसवला, हे स्टिकरशिवाय ताडून कसं पाहायचं? २०१० मध्ये एका कंपनीचे धातूवर धातू फिरणारे कृत्रिम खुबे जगभरातून परत मागवले गेले, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. मिक्सरचं वॉरंटी कार्ड मात्र आपण जपून ठेवतो! डिस्चार्ज कार्डावर एक स्टिकर चिकटवणं सरकारने सक्तीचं करावं.

- एक वाचक, सातारा