मोत माउलीच्या यात्रेकरूंसाठी मुंबई महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

माननीय आयुक्त साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी वसईची, कॅथलिक, लहानपणापासून विरार लोकल पकडून वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे डोंगरावरच्या माउंट मेरी बॅसिलिकाला जाणारी. यंदा 2026 ला 8 सप्टेंबर, म्हणजे मारियामातेचा जन्मदिवस, मंगळवारी आलाय, त्यामुळे जत्रा त्याच्या पुढच्या रविवारी 13 तारखेला सुरू होऊन 20 पर्यंत चालणार. आणि 14 ला गणेश चतुर्थी! म्हणजे दीड दिवसाचे गणपती 15 ला आणि पाच दिवसांचे 18 ला निघणार, ते सगळं जत्रेच्या त्याच आठवड्यात, त्याच लोकलमधून आणि त्याच वांद्रे स्टेशनातून. म्हणून आत्ताच लिहितेय, ऐनवेळी लिहून काही होत नाही.

जत्रा म्हटली की दरवर्षी बोलणं ट्रॅफिकवर आणि फेरीवाल्यांवर येऊन थांबतं. तिथे राहणाऱ्यांना त्रास होतो हे खरंच आहे, आठ दिवस त्यांना स्वतःच्या घरी पोचायला कसरत करावी लागते. पण ही माणसं तिथे कशासाठी येतात हे प्लॅनिंग करणाऱ्याला माहीत असेल तर प्लॅनच वेगळा बनेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्हाला रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चुकवता येत नाही, तो नियम आहे. तीर्थाला जायचा मात्र कुठलाच नियम नाही, नाही गेलं तरी फादर विचारत नाहीत, तरी लोक जातात. आपल्या गावच्या चर्चमध्ये सगळे ओळखतात, कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तिथे माणूस सावरून बसतो. डोंगरावर माउलीसमोर कुणी कुणाला ओळखत नाही, तिथे बाई मोकळेपणी रडते, वर्षानुवर्षं कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, न केलेला माणूस तिथल्या लाइनीत जाऊन उभा राहतो. हे काम आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे गावच्या, चर्चमध्ये तितकंसं होत नाही आणि चर्चलाही ते माहीत आहे, पोप फ्रान्सिस यांनी 2017 साली तीर्थस्थळांचा कारभार सुवार्ताप्रसाराच्या खात्याकडे दिला तो याच विचाराने. ज्यांना तामिळनाडूत वेलांकणीला, मारियामातेच्या तीर्थाला, जायचं परवडत नाही त्यांची वेलांकणी वांद्र्यालाच, सण तोच, माउली तीच.

आणि ही माउली फक्त आमचीच नाही. मूर्ती पोर्तुगीज काळातली, 1700 साली चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला असं सांगतात, पुढे दुरुस्ती करताना तुटलेला हात झाकायला बाळ येशू तिथे ठेवला. समुद्रात गेलेली मूर्ती कोळ्याच्या जाळ्यात सापडली हीही आठवण आहे, म्हणून आजही कोळणी केसात वेणी माळून तिला भेटायला येतात. आजची इमारत 1904 ची, आर्किटेक्ट पारशी, शापूरजी चांदाभॉय. लाइनीत उभं राहून बघा साहेब, पुढे कुंकू लावलेली, मागे बुरखा घातलेली, मध्ये माझ्यासारखी, आणि तिघींच्याही हातात मेणबत्ती.

मेणाचं सामान कधी जवळून बघितलंय का? हात, पाय, डोकं, घर, पाळण्यातलं बाळ. ज्याचं जे दुखतं ते विकत घ्यायचं आणि वर नेऊन वाहायचं. एकदा माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ मेणाचा पाय रुमालात गुंडाळून चढत होते, उन्हाने मेण मऊ पडायला लागलेलं, ते दर चार पावलांनी थांबायचे, रुमाल सोडून पाय वाकला नाही ना बघायचे आणि परत चालायला लागायचे. त्यांना धरायला कठडा आणि टेकायला बाक हवा होता, एवढंच.

माझ्या मागण्या अशाच आहेत, मोठं बजेट लागेल असं काही नाही. वांद्रे स्टेशनपासून हिल रोडमार्गे डोंगरापर्यंत बायकांसाठी फिरती टॉयलेट्स ठेवा, पण नुसती ठेवून उपयोग नाही, रात्री उशिरापर्यंत पाणी आणि सफाई कामगार दोन्ही हवेत, कारण टॉयलेटच्या भीतीने आमच्या मावश्या-आज्या सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येऊन पडतात. पाण्याच्या टाक्या ठेवा, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्यांचा खचही कमी होईल. चढावर तात्पुरते कठडे आणि मध्ये मध्ये बाक, व्हीलचेअरला वेगळी वाट. बेस्ट जत्रेसाठी जादा बस सोडते त्याबद्दल खरंच आभार, पण शेवटची बस शेवटच्या विरार लोकलशी जुळवा, आणि गुडघे गेलेल्यांना शक्य तितकं वर नेऊन सोडा. विसर्जनाच्या दिवशी रस्ते कुठे बंद आणि बस कुठून सुटणार हे आधी मराठीत जाहीर करा, वसई, उत्तन, मढ सगळीकडच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर वाचून दाखवता येईल, ते काम आम्ही करू.

स्टॉलचंही बोलते. खेळण्यांचे आणि खाण्याचे मोठे स्टॉलवाले कितीही भाडं भरतील, पण मेणबत्त्या, फुलं, चणे विकणाऱ्या बाईला ते झेपणार नाही. तिच्यासाठी कमी फीच्या जागा वेगळ्या राखून ठेवा, कारण पाळणे नसले तरी यात्रा होईल, मेणबत्ती नसेल तर कशी होणार?

2020 आणि 2021 ला कोरोनामुळे जत्रा भरली नाही. मिस्सा मोबाइलवर बघितली आम्ही, पण नवस मोबाइलवर फिटत नाही, तो पायांनी जाऊनच फेडायचा असतो. म्हणून चालणाऱ्याचा विचार आधी करा आणि गाड्यांचा नंतर, असं माझं म्हणणं आहे.

ऑगस्ट संपायच्या आत बॅसिलिकाचे फादर, पोलीस, बेस्ट, रेल्वे, गणेश मंडळं आणि स्टॉलवाले यांची एक बैठक लावा, आणि दरवर्षी येणाऱ्या दोन-चार बायकांनाही बोलवा. वेळ कळवा, आम्ही वसईहून येऊ.

आपली,
वसईची एक भाविक