नकाशातला एक थर आपल्याच हातून जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. तो चिखलीला राहतो, रोज पहाटे दाबोळीच्या पठारावर धावतो. मनगटावरच्या घड्याळाने नोंदलेला मार्ग त्याने मला मोबाईलवर मोठ्या हौसेने दाखवला. नारिंगी रेघ नौदलाच्या कुंपणाला लागून वळत गेली होती. किती वाजता निघाला, कुठे दम खायला थांबला, सगळे त्यात होते. शेजारी इतर धावणाऱ्यांच्याही रेघा होत्या आणि त्यांतल्या दोन चक्क कुंपणाच्या आत फिरत होत्या. कोणालाही उघडून पाहता येईल अशा. तेव्हापासून मन स्वस्थ नाही, म्हणून हे पत्र.

मी बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. वर्गात ट्रेसिंग पेपरच्या एका तावावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर चढउतार काढून घेई आणि तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावी. गाव नेमके तिथेच का वसले, हे मुलांना न सांगता कळे. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली हेच काम संगणकावर करते, फक्त थर शेकड्यांनी असतात. लष्करी गुप्तवार्तेत तिचे महत्त्व याचमुळे आहे. उताराच्या थरावरून गाडी कुठे चढेल ते कळते, उंचीच्या थरावरून कोणत्या टेकडीवरून काय दिसेल ते कळते आणि दोन तारखांची उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवली की नवी शेड, नवा रस्ता लगेच नजरेत भरतो.

आपल्या गोव्याचेच पाहा. वरून खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन, हिरवे, सपाट दिसते. पण मानशीच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या, आतल्या त्या गाळात अवजड गाडी घातली तर ती तिथेच रुतणार, हे मातीचा आणि भरतीचा थर जोडल्याशिवाय नकाशा सांगत नाही. 1961 मध्ये पोर्तुगीजांनी पूल उडवले ते आपल्या नद्यांच्या भरवशावर. 18 डिसेंबरच्या संध्याकाळी आपले सैन्य बेतीला पोचले, समोर पणजी दिसत होती, मध्ये मांडवी. सैनिक नदी ओलांडून शहरात शिरले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

आज कार्टोसॅट-3 सारखा उपग्रह सुमारे 500 किलोमीटरवरून 25 सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. इतर देशांकडेही असे डोळे आहेत. पण छपराखाली कोण राहते, पहाटे कोणत्या फाटकातून कोण बाहेर पडते, हे वरून नीट कळत नाही. तो थर माणसांचा आहे आणि तो आपण फुकट देतो. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरच्या धावण्याच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की अफगाणिस्तान, सीरियाच्या अंधाऱ्या भागांत लष्करी तळांच्या कडा उजळून दिसत आहेत. कोणी हेरगिरी केली नव्हती. सैनिक व्यायाम करत होते, एवढेच.

नकाशे कुलपात ठेवावेत असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने भारतीय संस्थांसाठी नकाशे तयार करण्यावरची बंधने सैल केली ते योग्यच झाले. पूर, दरडी, पाणीपुरवठा यांसाठी ते हवेतच. पण शेतजमिनीचा नकाशा वेगळा आणि माणसांच्या दिनक्रमाचा वेगळा. दाबोळी विमानतळाची धावपट्टी नौदलाची आहे. तिथे उतरताना खिडकीतून रील काढून ठिकाणासह टाकणाऱ्यांनी हा फरक एकदा समजून घ्यावा.

माझी मागणी साधी आहे. वास्को, चिखली, बोगमाळो भागातल्या शाळांत आणि एनसीसीच्या वर्गात नकाशावाचनाबरोबर ‘लोकेशन’ कसे बंद ठेवावे हे मुलांच्या हातात मोबाईल देऊनच शिकवावे. भूगोलाची एक तासिका पुरेल. आपल्या वृत्तपत्रानेही यावर सोप्या भाषेत, चित्रांसह एक पान द्यावे.

भाच्याने त्याच संध्याकाळी आपले मार्ग खासगी केले. कुंपणाच्या आतल्या त्या दोन रेघा मात्र सोमवारी सकाळी तशाच दिसत होत्या. ती घड्याळे ज्यांच्या मनगटावर आहेत, त्यांच्या घरी आपला अंक जात असेल, अशी आशा आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, वास्को