गोल कॉलर फक्त कॉलेजच्या पोरींचीच का?

मा. संपादक,
स.न.

तुमच्या पुरवणीत गोल कॉलरच्या नव्या ट्रेंडवर पानभर आलं होतं, फोटो मस्त होते, पण मॉडेल सगळ्या विशीतल्या आणि खाली काय तर 'क्यूट लुकसाठी'. मग चाळिशीच्या बाईने घातली तर ती काय शाळेच्या गॅदरिंगला निघालीय का? मी शिवणक्लास घेते, आमच्यात हिला पीटर पॅन कॉलर म्हणतात नाहीतर सरळ बेबी कॉलर, त्यामुळे बायका आधीच बिचकतात. आता गंमत बघा, १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये पीटर पॅन नाटक आलं त्यात मॉड ॲडम्स या नटीच्या ड्रेसला ही कॉलर होती, तिथून हे नाव पडलं, आणि बाई तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या, काम करत होत्या मुलाचं! पुढे साठच्या दशकात लंडनला डिझायनर मेरी क्वांटने गडद ड्रेसवर पांढरी गोल कॉलर लावली, मग २०१० च्या आसपास ब्रिटिश मॉडेल ॲलेक्सा चंगमुळे परत आली. तेव्हा नवा ट्रेंड वगैरे राहू द्या.

वयाचा प्रश्न नाहीच मुळी, प्रश्न कटिंगचा आहे. रेडीमेडमध्ये हल्ली जे येतं ते बघवत नाही, एका पदराची कॉलर, आत अस्तर नाही की कडकपणासाठी कॅनव्हास नाही, दोन धुण्यात कडा वर वळतात आणि पैसे मात्र डिझायनरचे. नीट करायची तर पुढचा आणि मागचा भाग गळ्याशी जुळवून ठेवायचा, मुंढ्याकडे, म्हणजे बाहीच्या बाजूला, शोल्डर साधारण अर्धा इंच एकावर एक चढवायचा आणि मग त्यावर कॉलर आखायची, म्हणजे ती किंचित वळते आणि गळ्याची टीप झाकली जाते, हे अर्धा इंच कोणी देतच नाही!! गोलाईला आतून बारीक कट दिले नाहीत तर उलटवल्यावर कोपरे येतात, आणि गळ्याला आतून उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या कापडाची पट्टीच हवी, सरळ पट्टी लावली की गळा ओढलाच म्हणून समजा.

मोठ्या बायकांनी रुंदी अडीच इंचाच्या आत ठेवावी असं माझं मत, चार इंचाची झालर छातीवर पसरली की अंग उगाच भरलेलं दिसतं. ओढणी घेणार असाल तर मात्र नादाला लागू नका, खाली चुरगळून बसते. आणि पांढरी हवी असेल तर बटणावर काढता येईल अशीच करा, आपल्याकडच्या घामाने मानेकडची बाजू आठवड्यात पिवळी पडते, नुसती कॉलर धुवून टाकता येते.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा पानाबरोबर कटिंगचा तक्ता पण छापा, ३६ आणि ४२ छातीच्या मापाचा तरी, आणि फोटोत एखादी आमच्या वयाची बाई घ्या ना.

आपली,
एक वाचक (शिवणक्लासवाली), मिरज